वजनाचे इंजेक्शन आणि आपला सरकारी दवाखाना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



रौप्यमहोत्सवात आरोग्यावर काहीतरी बोला, असे सचिवांनी मला सांगितले. मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे कोणते औषध घ्या, कोणते घेऊ नका, हे सांगणे माझे काम नाही. मी बोलणार आहे ते हिशोबाबद्दल. एखादे नवे औषध निघाले की ते कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि का मिळत नाही, याचा हा हिशोब आहे.

विषय आहे वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचा. हसू नका. अलीकडे संध्याकाळी मंडळी ओट्यावर बसली की हा विषय निघतोच. "काकाजी, ते पोटावर टोचून घ्यायचं इंजेक्शन आपल्या सरकारी दवाखान्यात भेटते काय?" असे मला चार जणांनी तरी विचारले. एका शब्दात उत्तर द्यायचे तर आज भेटत नाही. पण का भेटत नाही आणि भेटावे म्हणून काय करायचे, हे एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून आज माईक हातात घेतला.

आधी हे इंजेक्शन आहे तरी काय ते सांगतो. आपण जेवलो की आतड्यातून एक रस रक्तात जातो. त्याला डॉक्टर लोक जीएलपी-१ म्हणतात. तो मेंदूला सांगतो की बस झाले, पोट भरले. तोच स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतो. शरीरातला हा रस काही मिनिटांतच विरून जातो. शास्त्रज्ञांनी त्याची दीर्घकाळ टिकणारी नक्कल तयार केली. सेमाग्लूटाइड हे त्यातले एक औषध. टिर्झेपाटाइड हे दुसरे, ते आणखी एका रसाचेही काम करते. दोन्ही मूळची मधुमेहाची औषधे. आठवड्यातून एकदा टोचायची. भूक कमी लागते, थोडक्यात समाधान होते आणि वजन उतरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरले. म्हणजे ९० किलोचा माणूस साधारण साडेशहात्तर किलोवर आला. टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने वीस टक्क्यांपर्यंत घट दिसली. पुढे असेही दिसले की ज्यांना हृदयविकार आहे आणि वजन जास्त आहे, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्यांनाही फायदा झाला. म्हणजे हा फक्त आरशासमोर उभे राहण्याचा विषय उरला नाही.

आता कोणी म्हणेल, इंजेक्शन कशाला, तोंडाला कुलूप लावा आणि चाला. हा सल्ला चुकीचा नाही. आपल्या विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो महाराष्ट्रभर नेला. आपल्या सोसायटीतही अनेकांनी 'दीक्षित' केले, काहींना चांगला गुण आला. ज्यांना त्याने भागते त्यांनी इंजेक्शनचा विचारही करू नये. पण ज्यांना नाही भागत त्यांचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापले होते. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंग्रज सहकारी. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१ टक्के! आपण भारतीय लोक हातापायांनी बारीक आणि पोटात चरबी साठवणारे. त्याची मुळे आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात, हे याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले. तेव्हा प्रत्येक पोट म्हणजे आळसाची पावती, असे समजू नये. आपण ब्लडप्रेशरवाल्याला "मन घट्ट कर, गोळी नको" असे म्हणत नाही. मग जाड माणसालाच का म्हणतो?

आणि हा आजार श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि जवळजवळ ४० टक्के प्रौढांचे पोट सुटलेले आहे. आपल्याकडे पाहा. २००१ साली सोसायटी झाली तेव्हा इथे बहुतेकांकडे सायकली होत्या. बाजारातून थैली हातात घेऊन आपण पायी यायचो. आज प्रत्येक अंगणात गाडी आहे आणि पाकिटातला खाऊ दारात येतो. शेतातही मळणी यंत्राने, फवारणी पंपाने. अंगमेहनत गेली, भूक तीच राहिली.

आता हिशोबाकडे येतो. टिर्झेपाटाइड 'मौंजारो' नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. ५ मिलिग्रॅमची एक कुपी तेव्हा ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला ५२. झाले २ लाख २७ हजार ५०० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावाने हे झाले जवळजवळ ४३ क्विंटल सोयाबीन. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला तर साडेसहा-सात एकराचे अख्खे पीक. खर्च वजा न करता! आणि हमीभाव हातात पडतो की नाही, ते आपल्या कास्तकारांना विचारा.

जून २०२५ मध्ये सेमाग्लूटाइड 'वेगोव्ही' नावाने आले. सुरुवातीच्या मात्रेला महिन्याला १७,३४५ रुपये. पाचच महिन्यांत कंपनीने तीच मात्रा १०,८५० वर आणली. का आणली? कारण समोर पेटंटची तारीख दिसत होती. २० मार्च २०२६ ला भारतात सेमाग्लूटाइडच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना तेच औषध करण्याची वाट मोकळी झाली. आता किंमत उतरणार. समजा ती महिन्याला ३ हजारांवर आली. वर्षाचे ३६ हजार, म्हणजे पावणेसात क्विंटल सोयाबीन. सात एकरांवरून आपण एका एकरावर आलो. पेन्शनर माणसाला, नोकरदाराला हे जमेल. पण ज्याच्याकडे तो एकच एकर आहे त्याला? आणि ज्याच्याकडे तोही नाही त्याला?

इथे बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. कर्जाच्या हप्त्याला शेवटची तारीख असते. या इंजेक्शनच्या हप्त्याला ती नाही. औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनातले दोन-तृतीयांश वजन एका वर्षात परत आले, असे त्याच चाचणीतल्या लोकांवर पुढे लक्ष ठेवल्यावर दिसले. माझ्या माहितीतल्या एका घरी सोने गहाण ठेवून सहा महिने इंजेक्शने घेतली. पैसे संपले, इंजेक्शन बंद झाले, वजन परतले आणि सोने अजून सुटायचे आहे. चार-सहा महिन्यांपुरता पैसा असेल तर हा रस्ता धरण्याआधी दहादा विचार करा. व्याजाने पैसे काढून तर मुळीच धरू नका.

मग हा हप्ता कोणी भरायचा? मेडिक्लेम? वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसते, पण अटींवर. वय १८ च्या वर हवे आणि बीएमआय ४० च्या वर हवा, किंवा ३५ च्या वर असून सोबत हृदयविकार, ताब्यात न येणारा मधुमेह असे गंभीर आजार हवेत. दर आठवड्याला घरी टोचायचे इंजेक्शन त्यात बसत नाही. कारण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना? चांगली योजना आहे, आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, ५ लाखांपर्यंत मर्यादा आहे. पण तीही मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांची. उरला सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात, इन्सुलिनही मिळते. पण केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ही नवी इंजेक्शने नाहीत. यादीत नाही म्हणून खरेदीत नाही, आणि खरेदीत नाही म्हणून खिडकीवर नाही.

जगाने मात्र पाऊल टाकले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली, ती टाईप-२ मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने जून २०२५ पासून मौंजारो गावातल्या डॉक्टरमार्फत द्यायला सुरुवात केली. मात्र सरसकट नाही. आधी बीएमआय ४० च्या वर आणि पाच ठरावीक आजारांपैकी चार असलेले लोक. पहिल्या तीन वर्षांत २ लाख २० हजार जणच. तिथे राहणाऱ्या आपल्या भारतीय वंशाच्या लोकांना बीएमआयची अट अडीच अंकांनी सैल ठेवली, कारण आपल्याला कमी वजनावरही आजार गाठतो. पैसेवाल्या देशानेसुद्धा रांग लावली आणि रांगेत जास्त आजारी माणूस पुढे उभा केला. माझ्या मते हीच गोष्ट शिकण्यासारखी आहे.

काही जण विचारतील, जिथे लेकरे कुपोषित आहेत तिथे जाड माणसांवर सरकारने पैसा घालवायचा? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या २० टक्क्यांवर बायका अशक्त आहेत आणि २३ टक्के बायका जाड आहेत. एकाच गल्लीत दोन्ही घरे. अंगणवाडीच्या आहारातला एक रुपयाही इकडे वळू नये, हे मी आधीच सांगतो. पण दुसरी बाजूही पाहा. मधुमेहाने मूत्रपिंड गेले की सरकार जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस देते. हृदयाची नस बंद झाली की योजनेतून अँजिओप्लास्टी होते. म्हणजे सरकार पैसा देतेच, पण अगदी शेवटी, माणूस अर्धा संपल्यावर. त्यातला निवडक माणसांवरचा खर्च आधी केला तर तो उधळपट्टी होत नाही.

"सरकार असले महागडे औषध कधी देणार, काकाजी?" असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याच सोसायटीच्या वयाची एक गोष्ट सांगतो. २००१ साल. एड्सच्या औषधांना तेव्हा एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. सगळे जग हादरले. आपल्याकडे तेव्हा औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते म्हणून ते जमले. पण लक्षात ठेवा, किंमत २००१ मध्ये पडली तरी आपल्या सरकारी दवाखान्यात ते औषध मोफत मिळू लागले १ एप्रिल २००४ ला. महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. मधली तीन वर्षे औषध स्वस्त होते आणि गरीब माणूस तरीही मरत होता. स्वस्त होणे आणि मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाजार करतो. दुसरी सरकारला करावी लागते, आणि सरकार ती लोकांनी मागितल्यावर करते. एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या संघटनांनी ती मागितली होती.

आज सेमाग्लूटाइडचे २००१ साल चालू आहे. ते २००४ पर्यंत लांबवायचे की नाही, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे जमेल का? मला वाटते जमेल, कारण अर्धी व्यवस्था उभी आहे. आपल्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात कमरेचा घेर विचारलेला असतो. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर ओलांडला की गुण वाढतात. म्हणजे कोणाला धोका आहे याची यादी त्यांच्या हातात तयार होत असते. हे इंजेक्शन वापरायला काढेपर्यंत २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंश पारा आणि वीज गेलेली, घरच्या फ्रिजचा काय भरवसा? पण प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसींसाठी तशी शीतपेटी वर्षानुवर्षे चालू आहे. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पहिला डोस तिथल्या तज्ज्ञाने ठरवावा, पुढची तपासणी आपल्या मंगरूळच्या दवाखान्यात व्हावी. औषधांच्या खरेदीसाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण केले आहे. एका माणसाला दुकानात जो भाव मिळतो आणि लाख कुप्या घेणाऱ्या सरकारला जो मिळतो, त्यात किती फरक पडतो हे धंदा केलेल्यांना सांगायला नको. आणि रांग कोणाची आधी? ज्याला मधुमेह आहे, सोबत हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि वजन जास्त आहे, त्याची. लग्नाआधी आठ किलो उतरवायचे असलेल्यांची नाही.

आता दोन शब्द सावधगिरीचे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास या औषधात नेहमीचे आहेत. पित्ताशयात खडे होणे, क्वचित स्वादुपिंडाला सूज येणे, असेही होते. गरोदर बाईने घ्यायचे नाही. घरात थायरॉईडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा इतिहास असेल तर डॉक्टरला आधी सांगायचे. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. माझ्या वयाच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण म्हातारपणी पडलो की चरबी कामी येत नाही, मांडीतला जोर कामी येतो. म्हणून डाळ, अंडे, दूध आणि थोडा व्यायाम सोबत हवाच. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून, मोबाईलवर स्वस्त दिसले म्हणून घेऊ नका. भिंतीवर '३० दिवसांत १० किलो, खात्रीशीर' अशी चिठ्ठी दिसली तर एवढेच आठवा की लठ्ठपणा बरा करण्याची अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी आपण काय करायचे? मी तीन गोष्टी सुचवतो आणि अध्यक्षांना विनंती करतो की त्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात.

पहिली, सोसायटीच्या सभागृहात वर्षातून दोनदा टेप घेऊन बसायचे. कंबर, ब्लडप्रेशर, साखर. आशाताईंना बोलवायचे, आणि आपल्या इथे धुणीभांड्याला येणाऱ्या, वॉचमन, बांधकामावरची माणसे यांनाही त्या रांगेत घ्यायचे. त्यांच्याकडे मेडिक्लेम नाही.

दुसरी, दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला आणि आमदारसाहेबांना लेखी अर्ज द्यायचा. त्यात एवढेच मागायचे: ही औषधे राज्याच्या खरेदी यादीत घ्यावीत, जास्त आजारी माणसाला आधी द्यावीत, आणि वाशीमसारख्या आकांक्षित जिल्ह्याला पहिल्या टप्प्यात ठेवावे. नाहीतर नेहमीप्रमाणे मुंबई-पुण्याला मिळेल आणि आपल्यापर्यंत येता येता दहा वर्षे जातील. एका सोसायटीच्या अर्जाने काय होते, असे म्हणू नका. अर्ज आवक रजिस्टरला चढला की त्याला नंबर पडतो, आणि नंबर पडलेल्या कागदाला कधीतरी उत्तर द्यावे लागते. हे मी नोकरीभर टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. बालमित्रांनो, मैदानावर कोणाला 'ढोल्या' म्हणू नका. त्याला खेळायला घ्या. ज्याला हसतात तो घरात बसतो, आणि घरात बसला की आणखी वाढतो. त्याला संघात घेणे हे फुकटचे औषध आहे, त्याला पेटंटही नाही आणि शीतपेटीही लागत नाही.

जेवणाची पंगत तयार आहे, वास इथपर्यंत येतो आहे. बुंदी केली आहे असे ऐकतो. आजच्या दिवशी कोणी कोणाचे ताट मोजू नये, उद्या सकाळी सगळ्यांनी चालायला यावे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.